हजार वर्षांचा खोडवा

"किती दिवसांत निघतंय?"

बियाण्याचं पाकीट हातात घेतलं की तात्यांचा हा पहिला प्रश्न असायचा. मी उत्तर देईपर्यंत ते दुकानाच्या पायरीवर जायचे, स्टँडवरच्या पत्र्यांच्या वरून आभाळाकडे एकदा बघून घ्यायचे आणि परत यायचे. पीक दोन महिन्यांच्या आत निघणारं असलं तर पाकीट पिशवीत. त्याच्या वर गेलं की ते जपून परत काउंटरवर.

"नगं. तेवढं थांबतंय का न्हाय, कुणाला ठावं."

नवीन गिऱ्हाइकाला वाटायचं, म्हातारा पावसाबद्दल बोलतोय. तात्या जगाबद्दल बोलत असायचे.

माझं लासुर्ण्यात खताचं आणि बियाण्याचं दुकान आहे. तुम्ही कधी त्या बाजूनं गेला असाल तर पाहिलं असेल, रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस. पुढे ऊस, मागे ऊस, मध्ये एखादं घर, पुन्हा ऊस. त्या सगळ्या हिरव्या गर्दीत कालव्याच्या फाट्यालगत दोन एकरांचा एक तुकडा कायम बुटका दिसायचा. तिथं मेथी, कोथिंबीर, पालक, मुळा. तो तात्यांचा. कारखान्यात फिटर म्हणून नोकरी करून ते निवृत्त झाले होते, घराणं तीन पिढ्यांचं ख्रिस्ती, जमीन काळीभोर, पाणी बारमाही. अशा रानात माणूस मेथी लावतो हे बघून माझा जीव तुटायचा. आडसाली ऊस म्हणजे दीड वर्षांचं पीक. दीड वर्षात मी त्यांना किती खत विकलं असतं, याचा विचार करून मी उगाच चिडायचो.

"तात्या, लावा की एकदा ऊस. सगळं शिवार लावतंय."

"शिवाराला कुठं जायाचं हाय?" तात्या म्हणायचे. "आमाला जायाचंय."

त्यांचं म्हणणं त्यांनी मला इतक्या वेळा समजावलं होतं की मी ते झोपेतही सांगितलं असतं. कर्णा वाजणार. विश्वासणारे एका क्षणात वर उचलले जाणार. हातातला घास हातात, पायातलं पायताण जागेवर. मग मागे राहिलेल्यांना सात वर्षं मोठं संकट. त्यानंतर प्रभू आपल्या लोकांना घेऊन पृथ्वीवर परत येणार आणि हजार वर्षं राज्य करणार. हे कधीही होईल, आज संध्याकाळीसुद्धा. म्हणून मेथी.

या श्रद्धेची झळ सगळ्यांना लागायची. माझ्याकडून फवारणीचा पंप घेतला तेव्हा मी दोन वर्षांच्या गॅरंटीचं कार्ड पुढे केलं. त्यांनी ते बोटानं मागे सारलं. "गॅरंटी काढून टाक, आन तेवढं पैसं कमी कर." मी म्हणालो, असं करता येत नाही. "मग तुझी गॅरंटी खोटी हाय," म्हणाले.

आणखी एक. वर गेल्यानंतरची व्यवस्था त्यांनी माझ्यावर सोपवली होती. मोटारीची किल्ली कुठं, कापणीला आलेली मेथी बारामतीच्या बाजारात कुणाला द्यायची, सगळं मला पाठ. एकदा मी भडकलो. "मीच का? मी न्हाय का जाणार वर?"

तात्यांनी माझ्याकडे खूप मायेनं बघितलं. "तू वाईट न्हायस रं. पण तू ऱ्हाणार."

हजार वर्षांच्या राज्याचा विषय निघाला की मात्र त्यांचा चेहरा उजळायचा. तिथं सिंह बैलासारखा कडबा खाणार होता. आमच्याकडे सिंह कुठला. मी बिबट्याचं विचारलं, कारण उसात बिबटे झालेत आणि रात्री पाणी धरायला जायची भीती वाटते. "बिबट्या उसातच ऱ्हाईल," तात्या म्हणाले, "पण वाढं खाईल." वाढं म्हणजे उसाच्या शेंड्याचा हिरवा पाला, आमच्याकडे गुरांना घालतात. मी म्हटलं, थ्री फेज लाइट दिवसा मिळेल का? त्यावर त्यांनी डोकं खाजवलं. "दिवसा मिळंल. रातचीच बंद हुईल. रातच नसणार म्हणलंय, पण ते हजार वर्षांनंतरचं हाय, आत्ता त्यात शिरू नगं."

"मग त्या राज्यात काय लावणार तुमी?"

तात्या लाजले. "चिंचा," म्हणाले. मग हळूच, "आन ऊस. खोडवा राखायचा."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. ऊस तुटल्यावर बुडख्यातून पुन्हा फुटतो तो खोडवा. दोनदा, फार तर तीनदा घेतात, मग रान मोडतात. तात्यांना तो हजार वर्षं राखायचा होता. मी त्यांना पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, जाळू नका एवढाच सल्ला दिला.

आता त्यांच्या बायकोबद्दल. ती मिशनच्या दवाखान्यात नर्स होती, म्हणून सगळं गाव तिला सिस्टर म्हणायचं. तात्यासुद्धा. ती धिप्पाड, मोठ्या आवाजाची, आणि बाळंतपणाच्या बाबतीत डॉक्टरच्या वरचढ. श्रद्धा तिची तात्यांइतकीच पक्की, पण हजार वर्षांवर दोघांचं फाटलं होतं.

"हजार वर्षं मोजायची नसतात वो," ती म्हणायची. "देवाचं राज्य चालूच हाय. मी एवढी वर्षं इंजेक्शनं दिली, ती काय राज्याबाहेर बसून?"

तात्या कपाळावर हात मारून घ्यायचे.

यात तिसरे होते पाळकसाहेब. तरुण माणूस, आठवडाभर बारामती एमआयडीसीत नोकरी, रविवारी मोटारसायकलवर येऊन उपासना घ्यायचे. त्यांचं मत आणखी वेगळं. सुवार्तेनं जग हळूहळू सुधारत जाईल, मग सुवर्णकाळ येईल, आणि तो पार पडल्यावर प्रभू येईल. एका दुपारी तात्यांच्या ओट्यावर चहा घेता घेता या तिघांची जुंपली, आणि मी मध्ये बसलो होतो.

"बघा ना," पाळकसाहेब म्हणाले, "रस्ते किती चांगले झालेत. पूर्वी बारामतीला जायला किती वेळ लागायचा."

"रस्ता झाला म्हणून प्रभू यील व्हय?" तात्या ताडकन उठले. "तो काय यष्टीनं येणार हाय?"

"यील तवा यील," सिस्टर आतून ओरडली. "चहात साखर हाय का तेवढं सांगा."

मी धंद्याचा माणूस. माझ्यापुरता मी हा वाद पिकांवर बसवला. तात्यांचा धर्म मेथीचा, पाळकसाहेबांचा आंब्याच्या बागेचा, आणि सिस्टरचा उसाचा, आधीच रानात उभा असलेला. मी हे बोलून दाखवलं तेव्हा सिस्टर एकदम बाहेर आली. "माझा उसाचाच हाय," म्हणाली. पहाटे उठून मेथीच्या जुड्या बांधून तिची बोटं वाकडी झाली होती. अख्खं शिवार एकदा ऊस लावून मोकळं होतं आणि ती रोज पहाटे गवत घेऊन बसल्यासारखी बसते, असं ती म्हणाली. तात्या चहाच्या कपात बघत राहिले.

त्या संध्याकाळी ते दुकानात आले. घ्यायचं काही नव्हतं. युरियाच्या पोत्यावर बसले आणि म्हणाले, "सिस्टर लई चांगली हाय. माझ्याहून चांगली. फक्त हजार वर्षांवर अडलीय."

"अडू द्या की."

"आरं, तेवढ्यासाठी ऱ्हायली म्हंजे? कर्णा वाजला, मी वर, आन ती हितं संकटात. सात वर्षं. आन पुढं हजार वर्षं तिच्याबिगर मी काय करू? चिंचा कुणाला दाखवू?"

हसण्यासारखंच बोलले होते, पण मला हसू आलं नाही. या माणसाला वर जायची घाई होती आणि एकट्यानं जायची भीती होती. रोज पहाटे तो या दोन्हींच्या मध्ये बसून जुड्या बांधायचा.

कर्ण्याचीही एक अडचण होती. आमच्या भागात तुतारी कशालाही वाजते. लग्नाला वाजते, सत्काराला वाजते, दुकानाच्या उद्घाटनाला वाजते. तुतारी वाजली की तात्या असतील तिथं थबकायचे, डोळे मिटायचे, थोडं थांबून पुन्हा डोळे उघडायचे आणि कामाला लागायचे. एकदा माझ्याकडे कोथिंबिरीचं बी मोजून घेताना वाजली. डोळे उघडल्यावर समोर मी दिसलो, तेव्हा त्यांची झालेली निराशा मी अजून विसरलेलो नाही.

आणि मग तो दिवस आला. गावातला एक पोरगा परीक्षा देऊन फौजदार झाला होता. त्याची मिरवणूक निघाली, हलगी, तुतारी, गुलाल, सगळं. तात्या दुपारी बांधावर बाभळीखाली झोपले होते. तुतारीनं जाग आली. नेहमीप्रमाणे डोळे मिटले, थोड्या वेळानं उघडले, आणि तहान लागली म्हणून घरी गेले.

दार सताड उघडं. उंबऱ्याबाहेर सिस्टरच्या चपला. परातीत अर्धवट मळलेली कणीक आणि तिच्या शेजारी चष्मा. दूध उतू जाऊन गॅस विझलेला. टीव्ही चालू. सिस्टर नाही. गल्लीत चिटपाखरू नाही. हाका मारल्या, उत्तर नाही. तात्यांनी पाळकसाहेबांना फोन लावला. फोनमधली बाई गोड आवाजात म्हणाली, ते सध्या संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहेत.

ते माझ्या दुकानात आले तेव्हा मी एकटाच होतो. पायरीवर उभं राहून त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"तू हायस?"

"हाय की."

"तू असणारच," म्हणाले आणि पोत्यावर बसले. "ती गेली."

"कोण? सिस्टर? काय झालं?"

"न्हेली तिला. चपला हितंच हायत. पाळकसाहेबबी गेलं. मला न्हाय न्हेलं." बाहेर मिरवणूक चालली होती, गुलालात बुडालेली माणसं नाचत होती. तात्या त्यांच्याकडे बघून म्हणाले, "ह्यांना पत्ताच न्हाय. नाचत्यात."

मला वाटलं होतं ते रडतील, देवाला जाब विचारतील. चाळीस वर्षं ज्याची वाट पाहिली त्यातून नेमके हेच गळाले होते. पण तात्यांच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरल्यासारखं दिसत होतं.

"बरं झालं," ते म्हणाले. "ती तर गेली. मी उगं भीत हुतो. तिच्या हजार वर्षांचं कुणी इचारलंबी न्हाय." मग डोळे पुसून ते सावरून बसले. "आता सात वर्षं हायत. नक्की. आडसालीचं बेणं कुठं मिळंल?"

"काय?"

"सात वर्षं कुटंच जायाचं न्हाय मला. तिला ऊस पायजे हुता. लावू या. दोन एकरला काय काय लागंल, सांग."

आता मी काय करायला हवं होतं, हे तुम्ही सांगाल. घरी जाऊन बघू या, म्हणायला हवं होतं. पण इतक्या वर्षांत या माणसानं पहिल्यांदा उसाचं नाव काढलं होतं. मी पेन्सिल उचलली. ८६०३२ जातीचं बेणं, शेणखत, लागणीच्या वेळचा डोस, बांधणीचा डोस, तणनाशक. तात्या प्रत्येक गोष्टीला मान डोलावत होते. "खोडवाबी घिऊ," म्हणाले. "सात वर्षांत दोन-तीन तरी हुत्याल." मी ठिबकपर्यंत पोचलो होतो.

तेवढ्यात सिस्टर आली. अनवाणी, पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत ओले, केसांत गुलाल. गल्लीतल्या एका घरची सून कळा येऊन दवाखान्यात निघाली होती, तिची जीप पुलाजवळ मिरवणुकीत अडकली, आणि सगळी गल्ली सिस्टरला घेऊन तिकडे धावली होती. जीपमध्येच बाळंतपण झालं होतं.

"मुलगी झाली," तिनं मला सांगितलं आणि मग तिचं लक्ष नवऱ्याकडे गेलं. "गॅस बंद केला का वो तुमी?"

तात्या उभे राहिले. जवळ गेले. तिच्या दंडाला त्यांनी दोन बोटं लावून पाहिली, चालू मोटार तापलीय का ते फिटर बघतो तशी.

"तू हितं कशी?"

"मग कुठं जाऊ?"

सिस्टरनं काउंटरवरच्या कागदाकडे डोळे बारीक करून बघितलं. चष्मा परातीशेजारीच होता. "ऊस? कुणाला लावायचाय?"

"कुणाला न्हाय," तात्या म्हणाले. "ऱ्हायलं ते. सात वर्षं गेली." आणि माझ्याकडे वळून, "मेथीचं एक पाकीट दे."

जगाचा अंत आणखी अर्धा तास टिकायला हवा होता असं वाटणारा त्या दिवशी लासुर्ण्यात मी एकटाच असेन. पाळकसाहेबांचा फोन संध्याकाळी आला. त्यांच्या कंपनीत कामावर जाताना फोन बंद करून कपाटात ठेवावा लागतो.

गाव महिनाभर हसलं. तात्यांनी मनावर घेतलं नाही. फक्त एक बदल झाला. त्यानंतर ते कुठंही निघाले, अगदी माझ्या दुकानापर्यंत, की दारातून विचारायचे, "येतीस?" ती कुरकुरत चपला घालायची आणि यायची. आभाळाकडे बघायला ते पायरीवर गेले की तीही मागे जाऊन उभी राहायची. हजार वर्षांवर मात्र दोघं शेवटपर्यंत एकमेकांपुढे हटली नाहीत.

गेल्या हिवाळ्यात तात्या गेले. बांधावर दुपारची झोप लागली ती लागलीच. त्या दिवशी गावात लग्न नव्हतं, सत्कार नव्हता, काहीच वाजलं नाही.

दफनभूमीची जागा कालव्याच्या अलीकडे, मुरमाड पट्ट्यात. नातेवाईक इंदापूरकडून यायचे होते, म्हणून खड्ड्याचं आम्हीच मनावर घेतलं. मी आणि तालमीतली चार-पाच माणसं. कुणीतरी विचारलं, कसा काढायचा? दुसरा म्हणाला, कसा म्हणजे, दक्षिणोत्तर. आमच्यात गेलेल्याला दक्षिणोत्तरच ठेवतात. यात विचारण्यासारखं काय आहे, असंच सगळ्यांना वाटलं. दुपारपर्यंत घाम गाळून सुरेख खड्डा काढला, कडा तासल्या. शवपेटी आली, पाळकसाहेब आले. सिस्टर खड्ड्याच्या कडेला येऊन उभी राहिली.

"ह्यांचे पाय कुठं येणार?"

"उत्तरेला," मी म्हणालो.

"पूर्वेला पायजेत. प्रभू पूर्वेकडनं येणार, तर उठल्यावर तोंड तिकडं नको? उत्तरेला ठेवले तर समोर दुकान दिसंल तुझं. जातील मेथी आणायला."

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. पाळकसाहेब हळू आवाजात म्हणाले, "बाई, ऊन उतरायला लागलंय. प्रभूला दिशेची काय अडचण? आणि तुम्ही तर हे सगळं असं शब्दशः मानतच नाही."

"न्हाय मानत," सिस्टर म्हणाली. "माझ्या मतानं हा खड्डा चालतोय. पण पुरायचंय त्यांना. त्यांच्या मतानं काढा."

पेटी बाभळीच्या सावलीत ठेवली आणि आम्ही पुन्हा पहारी उचलल्या. मुरूम कसला, दगडच. पाळकसाहेबांनीही बाह्या सारल्या. सिस्टर शेजारी मातीच्या ढिगावर बसून होती. खड्डा पूर्व-पश्चिम वळला तेव्हा तिनं बाजूची जागा हातानं दाखवली. "हितं माझं. असंच काढायचं, आत्ताच सांगून ठेवते. दोघांनी दोन दिशांना बघत उठायचं म्हंजे परत भांडण."

पाळकसाहेबांच्या हातातलं खोरं क्षणभर थांबलं आणि पुन्हा चालू लागलं.

पेटी खाली गेली. माती ढकलण्याआधी सिस्टर डोक्याच्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि तिनं पूर्वेकडे पाहिलं. समोर ऊस होता. तुरे आलेला, दोन पुरुष उंच, भिंतीसारखा. ती टाचा उंचावून बघायला लागली. एवढी धिप्पाड बाई, नवऱ्याच्या उघड्या कबरीच्या काठावर, चवड्यांवर उभी राहून त्याच्या नजरेत पुढचं काय येईल ते बघत होती. मला रडू आलं ते तेव्हा.

"हा ऊस कुणाचा?" तिनं विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. तो अर्धा एकर आमच्या वाटणीचा आहे.

"माझा," मी म्हणालो. "तुटंल पुढच्या महिन्यात."

"बघ बाबा," ती म्हणाली, आणि तिनं पहिली मूठ टाकली.

मी देवळात जातो, उपास करतो, आणि त्या तिघांच्या मतांपैकी एकही मला पटलेलं नाही. पण ऊस तुटल्यावर मी तिथं खोडवा राखला नाही. रान मोडलं आणि भुईमूग लावला. आता हरभरा आहे. लोक विचारतात, एवढं चांगलं रान, ऊस का काढलास? मी सांगतो, पाणी पुरत नाही. कालवा तिथून हाकेच्या अंतरावर भरून वाहत असतो, पण अजून कुणी उलट विचारलेलं नाही.